सेल्फ मारला तरी गाडी चालू होत नाही: आधी आवाज ऐका, मग पाना उचला

चावी फिरवली आणि गाडी चालू झाली नाही की सोसायटीच्या पार्किंगमध्ये निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. निघालं नाही, तर नवी बॅटरी, मग सेल्फचं (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचं) रिपेअर, मग फ्युएल पंप असे अंदाजाने भाग बदलणं सुरू होतं, आणि खरा दोष एखाद्या सैल टर्मिनलमध्ये किंवा साध्या फ्यूजमध्ये तसाच राहतो. हा खर्च टाळता येतो. चावी फिरवल्यावर पहिल्या दोन सेकंदांत गाडी जो आवाज करते, किंवा करत नाही, त्यावरून दोष कुठल्या भागात आहे हे बहुतेक वेळा कळतं.

त्यासाठी चावी फिरवल्यावर आत काय घडतं ते माहीत हवं. चावी 'ऑन'वर आली की इंजिनाचा कॉम्प्युटर जागा होतो, किल्लीतली चिप ओळखीची आहे का ते तपासतो आणि पेट्रोल गाडीत टाकीतला पंप दोनेक सेकंद चालवून लाइनमध्ये दाब तयार करतो. चावी 'स्टार्ट'वर नेली की एक छोटा करंट क्लच पेडलच्या स्विचमधून रिलेपर्यंत (विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत) आणि रिलेमधून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (विद्युतचुंबकापर्यंत) जातो. सोलेनॉइड एक दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, अडकवतो आणि त्याच वेळी जाड वायरचा संपर्क जोडतो. मग बॅटरीतून थेट शंभरहून जास्त अँपिअर सेल्फमध्ये जातात, इंजिन फिरतं, क्रँक सेन्सर ते फिरणं कॉम्प्युटरला कळवतो आणि मगच ठिणगी आणि पेट्रोल सुरू होतं. ही साखळी कुठे तुटली हेच आपल्याला शोधायचं आहे.

तपासण्याआधी हँडब्रेक ओढा आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाका. बॉनेट उघडून कुणी आत बघत असेल, तर ओढणी, सैल बाही, लांब केस पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवायला सांगा. मग हेडलाइट लावा आणि ते चालू ठेवूनच सेल्फ मारा. आवाज आणि हेडलाइट या दोन्हींकडे एकदम लक्ष द्या.

आवाजच नाही

हेडलाइट झगझगीत आहेत, सेल्फ मारल्यावर मंदही होत नाहीत, आणि आवाज शून्य. म्हणजे बॅटरी बहुधा ठीक आहे, पण सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. इथे सर्वांत आधी खाली वाकून क्लचखालची मॅट बघा. जाड रबरी मॅट सरकून पेडलखाली गेली की क्लच पूर्ण दाबला जात नाही, पेडलचा स्विच दाबला जात नाही आणि गाडी गप्प राहते. पेडल जिथे स्विचला टेकतं तिथे रबराची एक छोटी गुंडी असते. जुन्या गाडीत ती कुजून पडते आणि परिणाम अगदी तोच होतो. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर 'पी'ऐवजी 'एन'मध्ये घेऊन, ब्रेक नीट दाबून पाहा. 'एन'मध्ये चालू झाली तर गिअरच्या जागेचा स्विच बिघडलाय.

पुण्यात सीएनजी गाड्या भरपूर, म्हणून हेही सांगायला हवं: कंपनीने बसवलेल्या बऱ्याच सीएनजी किटमध्ये गॅस भरायच्या झाकणाला एक मायक्रोस्विच असतो. झाकण उघडं असेल किंवा नीट बसलं नसेल तर सुरक्षेसाठी गाडी चालू होत नाही. गॅस भरून पुढे आल्यावर गाडी अचानक रुसली, तर बॉनेटआधी ते झाकण बघा.

डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर गाडी किल्लीला ओळखत नाहीये. दुसरी किल्ली घेऊन पाहा. बटण स्टार्टच्या गाडीत किल्लीतला छोटा गोल सेल संपलेला असू शकतो. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवून, क्लच किंवा ब्रेक दाबून बटण दाबलं की गाडी चालू होते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

हे सगळं ठीक असेल तर फ्यूज आणि रिले. बॉनेटखालच्या डब्याच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. स्टार्टर रिले काढून त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून पाहा. फ्यूज बदलताना त्याच अँपिअरचा लावा. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअरचा असतो. जास्त अँपिअरचा लावला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

आणि चावीच फिरत नसेल, तर ते बहुधा स्टिअरिंगचं कुलूप असतं. स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवत चावी फिरवा.

टक्, किंवा टकटकटक

सर्वांत जास्त गाड्या इथेच अडतात, आणि सर्वांत जास्त चुकीचे भागही इथेच बदलले जातात.

टकटकटकटक असा भराभर आवाज आणि त्याच वेळी हेडलाइट विझल्यासारखे होणं याचा अर्थ व्होल्टेज कोसळतंय. सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. कारण बॅटरी उतरलेली असेल किंवा जोडणी खराब. यातलं कुठलं, ते मल्टिमीटर सांगतो. तो काहीशे रुपयांत मिळतो आणि गाडी असलेल्या प्रत्येक घरात असावा असं आमचं ठाम मत आहे.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा बॅटरीवर १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. मोजण्याआधी हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा. नाहीतर नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा वरवरचा आकडा फसवतो. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर बघा. फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमकुवत आहे. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी आणि सेल्फ मारताच ७ वर येणारी बॅटरी चार्ज करून उपयोग नाही, ती आतून गेलेली असते.

आता उलटी परिस्थिती. बॅटरीवर सेल्फ मारतानाही १२ व्होल्ट टिकलेत, तरी सेल्फ फक्त टक् करतो. म्हणजे वीज आहे, पण सेल्फपर्यंत पोहोचत नाही, किंवा सेल्फच ती घेत नाही. सोसायटीची वरची टाकी भरलेली आहे पण खालचा कॉक जेमतेम उघडा आहे, तसा हा प्रकार. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर म्हणजेच तो अर्धवट बंद कॉक. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. टर्मिनलवर फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात. हेडलाइट मात्र मोजके अँपिअर घेतात, म्हणून ते त्याच टर्मिनलवर छान पेटतात. 'लाइट तर लागतात, मग बॅटरीत किंवा जोडणीत दोष नाही' हा समज यामुळेच चुकीचा ठरतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावर आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवा. सेल्फ मारताना इथे जवळपास शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तर दोष सापडला. नंतर काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. सेल्फ फिरताना ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल आहे. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या जाड बोल्टला लावून सेल्फ मारा. आता तो जोरात फिरला, तर अर्थिंगचाच दोष.

टर्मिनल साफ करायला बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना पुरतो. आधी निगेटिव्ह काढायचं आणि शेवटी निगेटिव्ह लावायचं. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट होतो. थरावर कोमट पाण्यात कालवलेला खायचा सोडा टाका, फेस थांबला की पुसा, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा आणि घट्ट आवळा. हाताने फिरवून क्लॅम्प हलता कामा नये. व्हॅसलिन लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून.

बॅटरी आणि जोडण्या ठीक असतील, एकच दमदार टक् येत असेल आणि हेडलाइट फारसे मंदावत नसतील, तर संशय सेल्फवर. झिजलेले कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइडचा जळका संपर्क ही नेहमीची कारणं. कुणी सेल्फ मारत असताना सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलकेच ठोकलं तर ब्रश पुन्हा टेकतात आणि गाडी चालू होऊ शकते. पण हा उपाय फक्त गॅरेजपर्यंत जाण्यापुरता, तोही हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तरच. पूर्ण सेल्फ बदलण्याआधी ब्रश आणि बेंडिक्स (पुढे सरकणारं दातेरी चाक) वेगळे मिळतात का ते विचारा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत बऱ्याच चालू मॉडेलचं हे सामान मिळतं.

पण चांगली बॅटरी उतरते कशाने? कोथरूड ते डेक्कन, बाणेर ते औंध असं चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत, एसी आणि दिवे लावून, ही पुण्यातली रोजची फेरी. सेल्फने घेतलेला चार्ज एवढ्यात पूर्ण भरून निघत नाही. त्यात डॅशकॅम आणि जीपीएस गाडी बंद असतानाही खात असतात. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट खाणं सर्वसाधारण समजलं जातं. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी. दिवाळीत गावी जाऊन आल्यावर गाडी उठत नाही ती यामुळे. पंधरवड्याहून जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवणं सर्वांत स्वस्त. थंडीचा दोष मात्र थोडा उलटा आहे: बॅटरी झिजते ती एप्रिल-मेच्या उन्हात, पण उघडी पडते डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. तापमान दहाच्या आसपास येतं, बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोरही जास्त लागतो. म्हणून तीन वर्षं झालेली बॅटरी दसऱ्याच्या सुमारास तपासून घ्यावी.

गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२.५ वरून हळूहळू खाली येत असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर वीज बनवणारा भाग) बॅटरी चार्ज करत नाही, आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरेल. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर बॅटरी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच घ्या. साधी बॅटरी त्या वापरात लवकर बसते.

जंप स्टार्ट आणि धक्का

केबल जाड हव्यात. प्लास्टिकच जाड आणि आत तांब्याचे चार तार असलेल्या केबल तापतात, सेल्फ फिरवत नाहीत. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू येत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे किमान अर्धा मिनिट थांबा. केबल काढताना क्रम नेमका उलटा. बॅटरी फुगलेली, गळणारी किंवा सडक्या अंड्यांच्या वासाची असेल तर जंप देऊच नका.

धक्का मारून गाडी चालू करणं फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीत, सपाट मोकळ्या रस्त्यावर. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच झटकन सोडायचा आणि लगेच दाबायचा. इंजिन बंद असताना ब्रेक एक-दोन दाबांनंतर दगडासारखा कडक होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं, म्हणून उतारावर हा प्रयोग नको. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरच चालत नाहीत, कितीही ढकला. ऑटोमॅटिक आणि एएमटी (क्लच पेडल नसलेल्या) गाडीला धक्का देऊ नये.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही

इथे बॅटरीचा विषय संपला. उगाच सेल्फ मारत राहिलात तर चांगली बॅटरीही उतरेल.

पेट्रोल गाडीत मागचं दार उघडून कान सीटजवळ न्या आणि कुणाला तरी चावी फक्त 'ऑन' करायला सांगा. दोन सेकंद मंद गुणगुण आली पाहिजे. नाही आली तर पंपाचा फ्यूज, रिले आणि शेवटी पंप, या क्रमाने. सीएनजी गाड्यांत हा पंप लवकर जातो, कारण मालक पेट्रोलचा काटा कायम रिझर्व्हवर ठेवतात आणि पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळेच. शिवाय बऱ्याच सीएनजी गाड्या सुरुवात पेट्रोलवरच करतात, म्हणून गॅस भरलेला असूनही पेट्रोलचा दोष गाडी अडवतो. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, नेमके पंप ओढतो तिथे. टाकीत किमान पाव पेट्रोल ठेवून आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवणं हा त्यावरचा साधा इलाज.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन जास्तीच्या पेट्रोलने ओलं झालंय. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत या स्थितीत पेट्रोल बंद होतं आणि नुसती हवा आत जाते.

चालवताना तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता चालू होते, अशी तक्रार असेल तर आधी क्रँक सेन्सर बघायला सांगा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हललाच नाही, तर बऱ्याच गाड्यांत संशय पक्का होतो. कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लागतो. पी-०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. कोड सर्किट दाखवतो, तुटलेला भाग नाही. वायर उंदराने कुरतडली असली तरी कोड तोच येतो. आणि टेकडी, कालवा किंवा कचराकुंडीजवळच्या पार्किंगमध्ये उंदीर ही किरकोळ गोष्ट नाही. बॉनेट उघडून लेंड्या, चिंध्या, सोललेल्या वायरी शोधा. जोड नुसत्या टेपने न करता सोल्डर आणि आकसणाऱ्या स्लीव्हने करून घ्या.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरी 'व्हिर्रर्र' फिरत असेल तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) तुटला असू शकतो, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो.

डिझेल गाडीत स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारा. टाकी पूर्ण रिकामी होऊन बंद पडली असेल तर लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरजवळचा हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा.

गाडीत पाणी शिरलं असेल तर

सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्याखाली गेली. दोन्ही वेळी पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीत सेल्फ अजिबात मारायचा नाही, चावी ऑनही करायची नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. साध्या विम्यात असं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि तीमध्येही पाण्यात सेल्फ मारल्यावरून वाद होतात.

पाणी ओसरल्यावर बॉडीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, निगेटिव्ह सोडवा आणि विमा कंपनीला कळवून गाडी उचलून न्यायला सांगा. ऑटोमॅटिक असेल तर सपाट ट्रकवरच. गॅरेजमध्ये एअर फिल्टर ओला आहे का आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का हे स्वतः उभं राहून बघा. फिल्टर ओला निघाला तर स्पार्क प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवतात. प्लगच्या भोकांतून पाणी पूर्ण बाहेर आल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलतात, मगच सेल्फ. पहिल्यांदा भरलेलं ऑइल थोडं अंतर चालवून लगेच पुन्हा बदलून घ्या, कारण कोपऱ्यांत राहिलेलं पाणी त्यात उतरतं.